डायल-अप लाइनवरून ऑफलाइन मेल: यूनिक्स यंत्रांवर यूयूसीपीची मांडणी

जिथे इंटरनेट चोवीस तास जोडलेले नसते, किंवा असले तरी मिनिटाच्या हिशेबाने परवडत नाही, तिथे मेल नेण्याआणण्याची यूनिक्सवरची जुनी आणि अजूनही चालणारी सोय म्हणजे यूयूसीपी (यूनिक्स-टू-यूनिक्स कॉपी). बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी ती १९७६ मध्ये लिहिली आणि १९७९ मध्ये यूनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर ती सर्वदूर गेली. आज लिनक्स वितरणांत आणि बीएसडीच्या पोर्ट संग्रहात सहसा मिळते ती इयान लान्स टेलर यांनी नव्याने लिहिलेली अंमलबजावणी, म्हणजे टेलर यूयूसीपी. पुढील सर्व मांडणी तिच्यासाठी आहे. आज्ञा, फाइली आणि पर्याय यांची नावे येथे देवनागरीत दिली आहेत. यंत्रावर ती अर्थातच रोमन लिपीत, आणि पर्यायांत लहान-मोठ्या अक्षरांचा भेद पाळून टाइप करायची आहेत, कारण लहान एस आणि मोठा एस यांचा अर्थ एकच नाही.

मांडणीला हात घालण्यापूर्वी एक गोष्ट पक्की समजून घ्यावी. यूयूसीपीमध्ये काम रांगेत टाकणे आणि फोन लावून ते पोहोचवणे या दोन पूर्णपणे वेगळ्या क्रिया आहेत. पहिली क्रिया यूयूएक्स किंवा यूयूसीपी ही आज्ञा करते. ती स्पूल निर्देशिकेत, म्हणजे रांगेतले काम साठवण्याच्या जागी, फाइली ठेवते आणि तिचे काम संपते. दुसरी क्रिया यूयूसिको करतो. तो मॉडेमवरून नंबर फिरवतो, लॉगिन करतो, रांगेतले काम पाठवतो आणि समोरच्याच्या रांगेतले आणतो. आलेले काम पार पाडण्याची जबाबदारी यूयूएक्सक्यूटी या तिसऱ्याच प्रोग्रामची असते. मेल सर्व्हरचा या सगळ्याशी संबंध फक्त पहिल्या टोकाला येतो. म्हणूनच मेल सर्व्हरपासून सुरुवात करणारा माणूस हमखास गोंधळतो: मेल गेला नाही, तर दोष मॉडेमचा, पासवर्डचा, परवानगीचा की पत्त्याचा हे त्याला कळायला मार्ग नसतो. काम खालून वर करावे. आधी मॉडेम, मग लॉगिन, मग एक साधी फाइल, मग हाताने टाकलेला एक मेल, आणि मेल सर्व्हर त्यानंतर. खालचा थर तपासून झाल्याशिवाय वरच्या थराला हात लावू नये.

उदाहरणासाठी दोन यंत्रे धरू. ‘शाखा’ हे डायल करणारे यंत्र आणि ‘केंद्र’ हे इंटरनेटला जोडलेले, फोन उचलणारे यंत्र. नावे रोमन लिपीत सात अक्षरांच्या आत ठेवावीत, कारण काही जुन्या अंमलबजावण्या त्यापुढची अक्षरे सरळ कापून टाकतात.

मॉडेम आणि सिरियल पोर्ट

बाह्य मॉडेम सिरियल पोर्टला जोडलेला असेल तर लिनक्सवर तो सहसा टीटीवायएस० या नावाने दिसतो. यूएसबी मॉडेम टीटीवायएसीएम० आणि यूएसबी-सिरियल जोडणीवरचा मॉडेम टीटीवाययूएसबी० या नावाने येतो. ज्या अंतर्गत मॉडेमचे निम्मे काम संगणकाच्या ड्रायव्हरवर सोपवलेले असते, त्यांच्या नादाला लागू नये. योग्य ड्रायव्हर मिळाला तर ते चालतात, पण कर्नल बदलला की बंद पडण्याची शक्यता मोठी असते.

पहिली परीक्षा सीयू या आज्ञेने घ्यावी. पोर्टचे नाव आणि वेग देऊन ती चालवली की टर्मिनल थेट मॉडेमशी जोडले जाते. एटी टाइप करून एंटर दाबल्यावर ओके आले, तर केबल, पोर्ट आणि परवानगी या तिन्ही गोष्टी जागेवर आहेत. बाहेर पडायला नव्या ओळीवर टिल्ड आणि त्यामागोमाग पूर्णविराम द्यावा. ओके आलेच नाही तर आधी परवानगी पाहावी. सिरियल पोर्ट एखाद्या गटाच्या ताब्यात असतो. काही वितरणांत त्या गटाचे नाव डायलआउट असते, काहींत यूयूसीपी. यूयूसीपी हा वापरकर्ता त्या गटात घालणे आवश्यक आहे. येथे एक बारीक खाच आहे. यूयूसिको हा सेटयूआयडी प्रोग्राम असल्यामुळे तो कोणीही चालवला तरी यूयूसीपी वापरकर्त्याच्या ओळखीने चालतो, परंतु जोडगट मात्र चालवणाऱ्याचेच राहतात. त्यामुळे क्रॉनमधून (ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सेवेतून) नीट लागणारा कॉल दुसऱ्या खात्यातून हाताने लावताना पोर्ट उघडण्यावरच अडतो. चाचणीसुद्धा यूयूसीपी वापरकर्ता म्हणूनच घ्यावी, म्हणजे हा घोळ होत नाही.

पोर्टचा वेग मॉडेमच्या लाइनवरील वेगापेक्षा जास्त आणि स्थिर ठेवावा. २८,८०० किंवा ३३,६०० बिट वेगाच्या मॉडेमसाठी ५७,६०० किंवा १,१५,२०० हा पोर्टचा वेग योग्य ठरतो, कारण मॉडेम स्वतः माहिती दाबून पाठवत असेल तर संगणकाने त्याला पुरेशा वेगाने माहिती पुरवली पाहिजे. प्रवाहनियंत्रण मॉडेम आणि पोर्ट दोन्हीकडे हार्डवेअरचेच, म्हणजे आरटीएस-सीटीएसचे असावे. एक्सऑन-एक्सऑफ वापरल्यास माहितीतलीच काही अक्षरे थांबण्याची खूण समजली जातात, आणि मग लहान फाइली जातात पण मोठ्या मध्येच अडकतात, असा चकवणारा दोष निर्माण होतो.

चार फाइली

मांडणीच्या फाइली डेबियनसारख्या वितरणांत ईटीसीखालील यूयूसीपी या निर्देशिकेत असतात. कॉन्फिग या फाइलीत नोडनेम या शब्दापुढे आपल्या यंत्राचे नाव लिहिले की तिचे काम झाले. खरे काम पोर्ट, डायल, सिस आणि कॉल या चार फाइलींत आहे.

पोर्ट फाइलीत मॉडेम१ असे नाव देऊन प्रकार मॉडेम, उपकरणाचा मार्ग, वेग आणि डायलरचे नाव लिहावे. डायल फाइलीत त्या डायलरचे वर्णन येते: आधी एटीझेड पाठवायचे, ओकेची वाट पाहायची, मग एटीडीटी आणि फोन नंबर पाठवून कनेक्ट या शब्दाची वाट पाहायची. नंबरच्या जागी बॅकस्लॅश आणि मोठा टी लिहितात. नंबर सिस फाइलीतून आपोआप भरला जातो. याच फाइलीत चॅट-फेल या शब्दापुढे बिझी आणि नो कॅरियर ही उत्तरे नोंदवावीत. ती नोंदवली नाहीत, तर लाइन व्यग्र असतानाही यूयूसिको ठरलेली मुदत संपेपर्यंत वाट पाहत बसतो. डायलरसाठी ही मुदत मुळात ६० सेकंदांची असते. कार्यालयातल्या अंतर्गत एक्स्चेंजमधून बाहेरची लाइन घ्यावी लागत असेल आणि मॉडेम डायल टोन नाही अशी तक्रार करत असेल, तर सुरुवातीच्या आज्ञांत एटीएक्स३ घालावे; मग मॉडेम टोनची वाट न पाहता नंबर फिरवतो.

सिस फाइलीतली नोंद साधारण अशी दिसते:

सिस्टिम केंद्र
कॉल-लॉगिन *
कॉल-पासवर्ड *
टाइम एनी
फोन (केंद्राचा नंबर)
पोर्ट मॉडेम१
कमांड्स आरमेल

दोन्ही तारांकनांचा अर्थ असा की लॉगिनचे नाव आणि पासवर्ड कॉल या फाइलीतून घ्यावेत. कमांड्सच्या ओळीत समोरच्या यंत्राला आपल्याकडे चालवायला मुभा असलेल्या आज्ञा येतात; आरमेल म्हणजे आलेला मेल ताब्यात घेणारा प्रोग्राम. कॉल फाइलीत एका ओळीवर समोरच्या यंत्राचे नाव, लॉगिन आणि पासवर्ड एवढेच असते. तिचा मालक यूयूसीपी आणि परवानगी ६०० असावी. टाइमच्या ओळीत कोणत्या वारी, किती ते किती वाजेपर्यंत कॉल लावायला मुभा आहे हे देता येते. रात्रीचा दर कमी असेल तर हा विचार जरूर करावा, पण चाचणीच्या काळात तेथे एनीच असू द्यावे.

याच नोंदीत लॉगिनचा चॅटही येतो. चॅट म्हणजे ‘काय अपेक्षित आहे’ आणि ‘काय पाठवायचे’ यांच्या आळीपाळीने लिहिलेल्या जोड्या. अपेक्षित शब्दांत लॉगिनचे पहिले अक्षर आणि पासवर्डची पहिली चार अक्षरे मुद्दाम गाळतात, म्हणजे फक्त शेवटचा भाग आणि अपूर्णविराम (:) तपासतात. एखादे यंत्र पहिले अक्षर मोठे लिहिते, एखादे लहान, आणि लाइनवरच्या खरखरीत पहिले अक्षर बिघडण्याचा संभवही असतो. केंद्राचा लॉगिनचा प्रश्न कधी येतो आणि कधी येत नाही असे दिसले, तर त्याच अपेक्षेत दोन जोडरेघांनी दुसरी संधी देता येते: पहिल्यांदा शब्द आला नाही, तर रिकामा एंटर पाठवून पुन्हा वाट पाहिली जाते. लॉगिन चॅटची मुदत मुळात १० सेकंदांची असते. केंद्राचे यंत्र मंद असेल तर ती वाढवावी.

केंद्राची बाजू

केंद्रावर मॉडेमने फोन उचलण्यासाठी एमगेटी हा प्रोग्राम वापरणे सोयीचे आहे, कारण त्याच लाइनवरून बाहेर कॉल लावायची वेळ आली तरी तो लॉक फाइल (पोर्ट वापरात असल्याची खूण) पाहून बाजूला होतो. त्यासाठी एमगेटी आणि यूयूसिको यांची लॉक निर्देशिका एकच असली पाहिजे. शाखेसाठी स्वतंत्र लॉगिन खाते करावे आणि त्याचे शेल म्हणून यूयूसिकोचा मार्ग द्यावा. अशा खात्याचे नाव मोठ्या यू अक्षराने सुरू करण्याची जुनी रीत आहे, आणि एमगेटीच्या लॉगिन मांडणीत तेच अक्षर पाहून कॉल थेट यूयूसिकोकडे वळवता येतो.

केंद्राच्या सिस फाइलीत शाखेची नोंद करताना कॉल्ड-लॉगिन या ओळीत त्या खात्याचे नाव न चुकता लिहावे. यूयूसीपीमध्ये यंत्र आपले नाव स्वतः सांगते. ही ओळ नसेल, तर ज्याच्याकडे कोणतेही एक यूयूसीपी खाते आहे तो दुसऱ्या शाखेचे नाव सांगून तिचा मेल घेऊन जाऊ शकतो. एकापेक्षा जास्त शाखा असलेल्या ठिकाणी ही ओळ विसरणे म्हणजे सगळ्यांच्या पत्रपेट्यांना एकच किल्ली देणे होय.

पहिला कॉल

शाखेवर यूयूसीएचके चालवून सर्व मांडणी जशी वाचली गेली तशी छापून पाहावी. टाइपातल्या बहुतेक चुका येथेच सापडतात. मग यूयूसीपी वापरकर्ता म्हणून यूयूसिकोला लहान आर१, मोठा एस आणि केंद्राचे नाव देऊन चालवावे. मोठ्या एसमुळे आधीच्या फसलेल्या कॉलनंतरची सक्तीची विश्रांती ओलांडली जाते. त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत यूयूसीपीची लॉग फाइल उघडी ठेवावी.

कॉल यशस्वी झाला तर लॉगमध्ये क्रमाने कॉल सुरू झाल्याची, लॉगिन झाल्याची, हँडशेक (दोन यंत्रांची सुरुवातीची ओळखपाळख) पूर्ण झाल्याची आणि शेवटी किती सेकंदांत किती बाइट गेले याची ओळ येते. लॉगिन होऊनही हँडशेक फसला, तर केंद्राने दिलेले उत्तर वाचावे. हे उत्तर आर या अक्षराने सुरू होते आणि दोष जवळजवळ तोंडाने सांगते. आरओके म्हणजे सर्व ठीक. आरलॉगिन म्हणजे वापरलेले खाते आणि सांगितलेले नाव यांची जोडी केंद्राच्या कॉल्ड-लॉगिनशी जुळत नाही. आरएलसीके म्हणजे केंद्राच्या समजुतीप्रमाणे शाखेशी संभाषण आधीच चालू आहे. बहुधा आधीचा कॉल तुटल्यावर केंद्रावरचा यूयूसिको अजून जिवंत असतो, आणि काही मिनिटे थांबले की प्रश्न मिटतो. ‘तू मला अनोळखी आहेस’ अशा अर्थाचे इंग्रजी वाक्य आले, तर केंद्राच्या सिस फाइलीत शाखेची नोंदच नाही किंवा नावाच्या अक्षरांत फरक आहे.

लॉगिनपर्यंतही गाडी पोहोचत नसेल, तर लहान एक्स या पर्यायापुढे चॅट हा शब्द देऊन कॉल पुन्हा लावावा. मग डीबग फाइलीत आलेले आणि पाठवलेले प्रत्येक अक्षर दिसते. या फाइलीत पासवर्डही उमटू शकतो, म्हणून दोष सापडल्यावर ती पुसून टाकावी आणि कोणाला मदतीसाठी जशीच्या तशी पाठवू नये.

हँडशेकच्या शेवटी दोन्ही यंत्रे एक प्रोटोकॉल निवडतात. दोन्हीकडे टेलर यूयूसीपी असेल तर आय प्रोटोकॉल निवडला जाणे उत्तम, कारण तो एकाच वेळी दोन्ही दिशांनी फाइली नेतो आणि कॉलची लांबी कमी होते. समोर जुने यंत्र असेल तर जी हा मूळ प्रोटोकॉल जवळजवळ नेहमी चालतो. तो पूर्वापार ६४ बाइटच्या पॅकेटांनी काम करतो आणि पाठवल्याची पोच मिळण्याआधी फार तर सात पॅकेटे पुढे जाऊ देतो.

फाइल, मग हाताने टाकलेला मेल

आता एक लहान फाइल पाठवावी. यूयूसीपी आज्ञेला लहान आर देऊन फाइलीचे नाव, आणि गंतव्य म्हणून केंद्र, उद्गारचिन्ह, टिल्ड व तिरकी रेघ असे लिहावे. टिल्ड म्हणजे समोरच्या यंत्राची सार्वजनिक यूयूसीपी निर्देशिका. बॅशमध्ये उद्गारचिन्ह आज्ञांच्या इतिहासाशी बांधलेले असल्यामुळे हे सर्व एकेरी अवतरणात ठेवावे. सी-शेलमध्ये मात्र अवतरणही पुरत नाही, उद्गारचिन्हापुढे बॅकस्लॅश द्यावाच लागतो. लहान आरमुळे फाइल फक्त रांगेत पडते. यूयूस्टॅटला लहान ए देऊन ती तेथे आहे याची खात्री करावी, कॉल लावावा आणि केंद्रावर ती पोहोचली का पाहावे.

त्यानंतर मेल. यूयूएक्सला लहान आर आणि एक सुटी जोडरेघ देऊन, पुढे केंद्र, उद्गारचिन्ह, आरमेल आणि शेवटी गोल कंसात पत्ता द्यावा. मेलचा मजकूर शीर्षकाच्या ओळींसह प्रमाणित इनपुटमधून पुरवावा. कंस शोभेसाठी नाहीत. यूयूएक्स उद्गारचिन्ह असलेला शब्द दुसऱ्या यंत्रावरची फाइल समजतो. कंसातला मजकूर मात्र जसाच्या तसा पुढे देतो. हा मेल केंद्रावर पोहोचला पण पत्त्यावर पडला नाही, तर केंद्राच्या लॉगमध्ये यूयूएक्सक्यूटीची ओळ शोधावी. आरमेलला परवानगी नसणे किंवा तो प्रोग्राम मार्गात न सापडणे, ही दोनच कारणे बहुतेक वेळा निघतात.

मेल सर्व्हरची जोडणी

पोस्टफिक्स या मेल सर्व्हरच्या मास्टर फाइलीत यूयूसीपी नावाची सेवा मुळातच दिलेली असते. काही वितरणांत तिच्यापुढची टिप्पणीची खूण काढावी लागते. ती सेवा आपण वर हाताने दिलेलीच यूयूएक्स आज्ञा चालवते, त्यात पाठवणाऱ्याचा पत्ता लहान ए या पर्यायाने जोडते, म्हणजे चूक झाल्याची सूचना योग्य माणसाकडे जाते. शाखेवर मेन फाइलीत दोन ओळी पुरतात: डिफॉल्ट ट्रान्सपोर्ट यूयूसीपी, आणि रिलेहोस्ट म्हणून केंद्राचे यूयूसीपी नाव. शाखेचे स्वतःचे डोमेन मायडेस्टिनेशनमध्ये असावे, नाहीतर शेजारच्या टेबलावरचा मेलही फोनवरून फिरून येईल.

केंद्रावर ट्रान्सपोर्ट नकाशात शाखेच्या डोमेनपुढे यूयूसीपी, अपूर्णविराम आणि शाखेचे नाव लिहावे, तेच डोमेन रिले डोमेनच्या यादीत घालावे, पोस्टमॅप चालवावा आणि पोस्टफिक्सला मांडणी पुन्हा वाचायला लावावी.

केंद्रावर आणखी एक काम आहे, आणि बहुतेक मार्गदर्शिकांत त्याला एखादे वाक्यही मिळत नाही. शाखेतले खरे पत्ते केंद्राला ठाऊक असले पाहिजेत. रिले-रेसिपियंट नकाशात ते भरले नाहीत, तर कोणत्याही भलत्या नावाला आलेला मेल केंद्र स्वीकारते, पैसे मोजून फोनवरून शाखेला पाठवते, शाखा तो नाकारते आणि नकाराचे पत्र पुन्हा फोनवरून परत येते. नको असलेल्या मेलची चाळणीही केंद्रावरच, रांगेत टाकण्यापूर्वी लावावी.

आकाराची मर्यादाही तेथेच घालावी. पोस्टफिक्सची मूळ मर्यादा १,०२,४०,००० बाइटची आहे. २८,८०० बिट वेगाच्या लाइनवर, प्रत्येक बाइटला दहा बिट धरले, तर सेकंदाला सुमारे २,८८० बाइट जातात; म्हणजे असा एकच मेल जवळजवळ तासभर लाइन अडवतो. जोडलेली फाइल बेस६४ मध्ये गेल्यावर तिचा आकार सुमारे एक तृतीयांशाने वाढतो, हेही लक्षात घ्यावे. लाइन वीस मिनिटांनी तुटण्याची सवय असलेल्या ठिकाणी असा मेल रांगेच्या तोंडाशी अडून बसतो आणि प्रत्येक कॉलची वेळ खातो. मर्यादा लाइनच्या टिकाऊपणावरून ठरवावी: कॉल साधारण जितका वेळ टिकतो त्याच्या निम्म्या वेळात जाईल एवढाच सर्वांत मोठा मेल असावा.

कॉलचे वेळापत्रक

क्रॉनमध्ये, यूयूसीपी वापरकर्त्याच्या नावाने, यूयूसिको लहान आर१ आणि लहान एस केंद्र अशी ओळ घालावी. नाव न देता नुसता आर१ दिला तर ज्यांच्यासाठी रांगेत काम आहे त्यांनाच कॉल लागतो. शाखेकडून काही जायचे नसेल तर केंद्रावर साचलेला मेल तसाच पडून राहील. नाव दिल्यावर काम असो वा नसो, कॉल लागतो.

तातडीच्या आणि सवडीच्या मेलला वेगळी वेळ द्यायची असेल तर ग्रेड वापरावी. ग्रेड म्हणजे एक अंक किंवा अक्षर. शून्य सर्वांत आधी, मग मोठी अक्षरे, आणि लहान झेड सर्वांत शेवटी. काहीच न सांगितल्यास काम मोठ्या एन ग्रेडने रांगेत पडते. सिस फाइलीत टाइमऐवजी टाइमग्रेडच्या ओळी लिहून दिवसा एनपर्यंतची आणि रात्री सगळी कामे नेता येतात.

रांगेवर लक्ष

मेलक्यू (मेल सर्व्हरची रांग दाखवणारी आज्ञा) रिकामा दिसतो म्हणून मेल गेला असे मानू नये. पोस्टफिक्सच्या दृष्टीने यूयूएक्सला सोपवलेला मेल पोहोचलेला असतो; तो खरोखर कुठे आहे हे यूयूस्टॅटच सांगतो. लहान ए दिल्यास सर्व कामांची यादी, आणि लहान क्यू दिल्यास प्रत्येक यंत्रासाठी किती काम आहे व शेवटच्या कॉलचे काय झाले हे दिसते.

कॉल फसत राहिले तर टेलर यूयूसीपी मुळात २६ प्रयत्नांनंतर त्या यंत्राला आपणहून कॉल लावणे थांबवते. लाइन दुरुस्त झाली तरी मेल हलत नाही, अशी तक्रार आली की आधी हेच पाहावे आणि मोठ्या एसने एक कॉल लावून गाडी रुळावर आणावी. लाइन आठवडाभर बंदच राहिली, तर पाठवणाऱ्याला ते कळले पाहिजे. त्यासाठी यूयूस्टॅटला मोठा के, लहान ओपुढे १६८ तास आणि मोठा एन देऊन रोज एकदा क्रॉनमधून चालवावे: त्याहून जुनी कामे रद्द होतात आणि ज्याने ती टाकली त्याला सूचना मेलने जाते. मेल सर्व्हरने टाकलेल्या कामांच्या बाबतीत ही सूचना लहान ए या पर्यायाने नोंदलेल्या पत्त्यावर जावी लागते, म्हणून मास्टर फाइलीतली ती ओळ जशी दिली तशीच ठेवावी आणि चाचणीसाठी एक काम मुद्दाम जुने होऊ देऊन सूचना खरोखर त्या माणसाच्या पेटीत पडते का, हे पाहून घ्यावे.